पाइनखालची अळंबी

गेर्लिंगेन
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आबा,

वाकून नमस्कार. शाळेत पत्राचा मायना घोकून घेतला होता, तो लिहायला गेलो आणि अर्ध्यात विसरलो. तेव्हा एवढ्यावर गोड मानून घ्या.

आम्ही तिघे ठीक आहोत. थंडी पडायला लागली. अरुंधतीला ऑफिसात बढती मिळाली, त्यामुळे घरात आता माझ्यापेक्षा तिचा आवाज मोठा आहे, आधीही होताच. उर्जा तिसरीत गेली. पोहायला शिकली आणि त्याचा बिल्ला पोहण्याच्या पोशाखावर शिवून घेतला. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. मी रागावलो तर 'या, या, बाबा' म्हणते. इथे 'या' म्हणजे 'हो'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, बापाला पाहुण्यासारखं बोलावते म्हणून आई केवढी हसली होती, आठवतं? तुमचा गुडघा कसा आहे? उल्काताई म्हणाली, तेल लावायचा कंटाळा करता.

फोन असताना पत्र कशाला लिहितोय, म्हणून तुम्हाला धास्ती वाटली असेल. पण फोनवरचं आपलं बोलणं तुम्हाला ठाऊकच आहे. 'बरा आहेस?' 'बरा आहे.' 'पाऊस?' 'आहे.' 'ठेवतो मग.' आई होती तोवर ती मध्ये बसून दोन्हीकडची वाक्यं लांबवायची. ती गेल्यापासून वीस सेकंदांत उरकतं. मी एकदा घड्याळ लावून बघितलं. ऑफिसातला हृषिकेश बुधवारी निघतोय, चिपळूणचा आहे. भाऊबीज झाली की दाभोळला येऊन हे पत्र तुमच्या हातात देतो म्हणाला. म्हणजे मंगळवारच्या आत मला हे संपवलं पाहिजे.

मला एक गोष्ट सांगायची आहे, आबा. मी तुमच्यासारखा बोटीवर का गेलो नाही, ती. तेवीस वर्षं तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. पण एकदम त्यावर यायला छाती होत नाही. म्हणून आधी अळंबीबद्दल लिहितो. हसू नका, दोन्हींचा संबंध आहे.

आमच्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर श्वेबिश आल्ब नावाचा डोंगराळ मुलूख आहे. चुनखडीचं पठार, त्यावर मेंढ्या चरतात आणि मधूनमधून पाइनची झाडं. पाइन म्हणजे कसा, तर आपल्या किनाऱ्यावरचा सुरू डोळ्यांपुढे आणा आणि खोड दुप्पट जाड करा. खाली तशीच वाळक्या सुयांची गादी. पाय ठेवला तर आवाज होत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा वारा सुटला आणि मी चालता चालता थांबलोच. सुरूच्या बनात येतो तोच आवाज, आबा, तोच! समुद्र तेवढा नाही. समुद्र इथून पाचशे-सहाशे किलोमीटर लांब आहे.

त्या सुयांमधून सप्टेंबरपासून एक अळंबी वर येते. एडेल-राइत्स्कर असं तिचं नाव. आपली अळंबी जशी वारूळ सोडत नाही, तशी ही पाइन सोडत नाही. कारण वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसून राहिलो. जमिनीखाली या अळंबीचे बारीक तंतू पाइनच्या कोवळ्या मुळांवर मोजा चढवल्यासारखे गुंडाळलेले असतात. झाड तिला साखर पोचवतं आणि ती झाडाला लांबलांबून पाणी आणून देते. वर दिसते ती छत्री म्हणजे नुसतं फळ. खरी अळंबी खालीच, उतारभर पसरलेली, कदाचित माझ्याहून वयाने मोठी. आपण तिच्या अंगावरून बूट घालून फिरत असतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

म्हणून इथले जाणते लोक खाली बघण्याआधी वर बघतात. झाड कोणतं ते नक्की करायचं आणि मग वाकायचं. या पाइनच्या सुया जोडीने येतात, एका देठातून दोन. शेजारच्या एका झाडाच्या सुया एकेकट्या असतात आणि त्याच्या मुळाशी हिचीच चुलत बहीण येते, चवीला कडवट. म्हणजे आधी सुया मोजायच्या. पुढची ओळख दुधाची. ही अळंबी कापली की दूध येतं, गाजराच्या रंगाचं. आणि जिथे हात लागेल, खरचटेल, तिथे काही वेळाने हिरवं पडतं. आई काय म्हणायची? कापल्यावर रंग बदलला की कुत्र्याची छत्री, टाकून दे. इथे रंग बदलतो हीच खूण!

गाजराचं दूध आणि हिरवे डाग. हे मी पुस्तकातून पाठ केलं होतं. पाठ करण्यात मी लहानपणापासून हुशार, तुम्हीच सगळ्यांना सांगायचात.

अठ्ठावीस सप्टेंबरला, रविवारी, आम्ही तिघे वेताची टोपली घेऊन गेलो. प्लॅस्टिकची पिशवी नेली तर इथले लोक असं बघतात की विचारू नका. ऊन छान होतं. उर्जा पुढे धावत होती आणि मी मागून मास्तरकी करत होतो. वर बघ, सुया मोज, वर्तुळं बघ. या अळंबीच्या टोपीवर एकात एक वर्तुळं असतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. ती मला लांबूनसुद्धा दिसत होती. दोन तासांत वीस-बावीस मिळाल्या. अरुंधती म्हणाली, "तुला कसं रे इतकं पटकन दिसतं? मला तर सगळं एकच वाटतंय." मी केवढा फुगलो म्हणून सांगू!

परत येताना जंगलाच्या कडेला, पाइन संपून दोन ओकची झाडं लागतात तिथे, उर्जाला एक दिसली. अर्धी गोगलगायीने खाल्लेली. तिने हाक मारली, "बाबा, ही ग्रून आहे!" ग्रून म्हणजे हिरवी.

मी म्हणालो, "हिरवी? मग तर पक्कीच! जुनी झाली की ती हिरवी पडते." सुरीने देठ कापला आणि टोपलीत टाकली.

आबा, पुढचं आज लिहवत नाही. उद्या बसतो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

'उद्या' म्हणालो आणि तीन दिवस गेले. आज लक्ष्मीपूजन. इथे कामाचा दिवस, पण मी दुपारनंतर रजा टाकली. अरुंधती स्वयंपाकघरात करंज्या तळतेय. मघाशी डोकावून विचारून गेली, "झालं का?" मी म्हणालो, "दिवाळीच्या शुभेच्छांपर्यंत आलोय." ती म्हणाली, "खोटं बोलू नकोस." तिला सगळं माहीत आहे आणि हे पत्र तिनेच लिहायला बसवलं आहे. ते कसं, ते सांगतो.

त्या रविवारी घरी आल्यावर मी कढई काढली, तर अरुंधती आडवी आली. "कुणा जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय माझ्या कढईत काही पडणार नाही." आमचं भांडण झालं. माझ्यावर विश्वास नाही का, मी पुस्तक वाचलंय, मी अमुक नि तमुक. ती ढिम्म हलली नाही. देवाने मला ही बायको दिली, आबा, आणि मी त्या दिवशी तिला घाबरट म्हणालो.

इथे एक फार चांगली पद्धत आहे. अळंबीच्या दिवसांत गावागावांत जाणती माणसं संध्याकाळी बसतात. रीतसर परीक्षा दिलेली. लोक आपापल्या टोपल्या घेऊन जातात आणि ती माणसं एकेक अळंबी बघून सांगतात, खा किंवा फेका. आमच्या भागात शाळेच्या एका वर्गात फ्राउ हेबर्ले, म्हणजे हेबर्लेबाई, बसतात. सत्तरीच्या पुढच्या, पूर्वी औषधाच्या दुकानात होत्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, नाकावर चष्मा, बोलणं तोडून तोडून.

त्यांनी आमची टोपली एकेक करून मांडायला सुरुवात केली. राइत्स्कर, राइत्स्कर, राइत्स्कर. मी अरुंधतीकडे बघून भुवया उडवल्या. मग ती अर्धी खाल्लेली हातात आली. बाईंनी ती उलटी केली, वास घेतला आणि कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. मग उरलेल्या सगळ्या पुन्हा टोपलीत भरल्या आणि म्हणाल्या, "हे सगळं टाकायचं. तुकडे एकमेकांना लागलेत. ही एक मोठ्या माणसाला पुरते."

"पुरते म्हणजे?" अरुंधतीने विचारलं.

"मरायला," त्या म्हणाल्या. उर्जा माझा हात धरून उभी होती.

आणि मी काय केलं असेल? वाद घातला! अहो, ही जुनी राइत्स्कर आहे, हिरवी पडलीये, पुस्तकात आहे. बाईंनी शांतपणे विचारलं, "हिचं दूध बघितलंत?" नव्हतं बघितलं. "खालचा कंद उकरून काढलात?" नव्हता काढला, कापली होती. "तुम्ही काय बघितलंत?"

मी म्हणालो, "ही हिरवी होती."

त्यांनी टोपलीतली एक राइत्स्कर काढून माझ्यासमोर ठेवली. "हिच्यावर हिरवे डाग आहेत. मला बोट लावून दाखवा."

आबा, त्या वर्गात उर्जाने काढावीत तशी चित्रं भिंतीवर लावलेली होती. खिडकी उघडी होती. मी त्या अळंबीकडे बघत होतो आणि मला ती सगळी एकाच रंगाची दिसत होती. उजेड-सावली दिसत होती, वर्तुळं दिसत होती. डाग नव्हते. मी अंदाजाने एका जागेवर बोट ठेवलं. उर्जा हळूच म्हणाली, "नाइन, बाबा." नाही, बाबा.

लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. दोन्ही मातकट दिसतात, एक जरा गडद, एक जरा फिका. सिग्नलचा वरचा लाल आणि खालचा हिरवा, एवढ्यावर मी गाडी चालवतो. आंबा पिकला की नाही ते दाबून कळतं. लग्नाला बारा वर्षं झाली, अरुंधतीला मी कळू दिलं नव्हतं. साडीचा रंग विचारला की 'छान' म्हणायचो. ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशीही मी माझ्या आठ वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर टोपली भरली. ती म्हणाली म्हणून हिरवी. मला दिसलं असतं तर कळलं असतं की हा हिरवा वेगळा आणि तो हिरवा वेगळा. त्या रात्री आम्ही तिघे ते जेवलो असतो. आणि मी नाही, पण ती वाचली असती तर आयुष्यभर म्हणाली असती, मीच हाक मारली होती.

घरी येऊन गाडी लावल्यावर अरुंधती म्हणाली, "बारा वर्षं, देवदत्त?" आणि मग रडली. मीही रडलो. मी तिला सगळंच सांगितलं, बोटीचंसुद्धा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला सांगितलंस कारण पकडला गेलास. आबांना कुणी पकडून देणार नाही. त्यांना तू आपणहून सांग." मी म्हणालो, आता काय उपयोग, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ती म्हणाली, "म्हणूनच."

बोटीवर येतोच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगू द्या, कारण ती घडली नसती तर मी हे अरुंधतीच्या धाकानेही लिहू शकलो नसतो.

दोन आठवड्यांनी, अकरा तारखेला, फ्राउ हेबर्ले मला स्वतः जंगलात घेऊन गेल्या. मी पुन्हा कधी जाणार नाही म्हणत होतो. त्यांनीच फोन केला. "डोळ्यांनी न ओळखणारे मी पुष्कळ बघितलेत. आल्झो, तेव्हा शनिवारी नऊला या. मुलीलाही आणा."

पाइनखाली गेल्यावर त्या म्हणाल्या, "डोळे मिटा." मी मिटले. माझ्या हातात एक डहाळी दिली. मी बोटांनी चाचपली, सुया जोडीने. मग मला गुडघ्यांवर बसवलं आणि माझा हात धरून एका अळंबीवर ठेवला. सांगत गेल्या आणि मी बोटं फिरवत गेलो. टोपी मध्ये खोलगट. कडा आत वळलेली, गुळगुळीत, लव नाही. लव असलेली एक असते, तिने पोट बिघडतं. देठावर छोटे छोटे खड्डे, देवी आलेल्या चेहऱ्यावर असतात तसे. मग म्हणाल्या, कापू नका, बोटांनी भोवतालची माती उकरून मुळापासून काढा. काढली. खाली काही नाही, साधा देठ. "इथे पिशवी हाताला लागली असती तर ती मारणारी. ती पिशवी जमिनीत असते. तुम्ही त्या दिवशी कापली आणि पिशवी जमिनीतच राहिली. डोळस लोकही ही चूक करतात." मग मोडायला लावली. खडूसारखी कट्‌कन तुटली, रेषा न उमटता. बोटाला चिकट ओल लागली. जिभेच्या टोकाला लावून थुंकायला सांगितलं. आधी सौम्य, मग किंचित कडू, आणि वास राळेचा आणि फळाचा, दोन्ही.

"आता कोणती ते सांगा."

मी डोळे मिटूनच म्हणालो, "एडेल-राइत्स्कर."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. अगदी बरोबर.

आबा, एक्केचाळीस वर्षांचा मी, आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडे बघून रंग ओळखलेले, चोरून, अंदाजाने, आणि इथे जमिनीवर गुडघे टेकून एका जिवंत वस्तूला मी स्वतः ओळखलं होतं. कुणाला न विचारता. डोळे उघडले तर उतारावर ऊन पडलं होतं, आणि सुयांमधून अर्धवट वर आलेली ती वर्तुळं मला जागोजागी दिसायला लागली. इथे एक, तिथे तीन. मी वेड्यासारखा धावलो. फ्राउ हेबर्ले म्हणाल्या, रंगावर जाणारे लोक शेवाळात फसतात, तुम्ही आकार बघता, तुम्हाला जास्त सापडणार. अकरा सापडल्या. प्रत्येक मुळापासून उकरून, प्रत्येक मोडून. आधीची खरी निघाली म्हणून पुढची खरी धरायची नाही, हे त्यांनी दहा वेळा बजावलं.

शेवटी उर्जाला मी विचारलं, हिचं दूध कसं दिसतं ते मला सांग. ती जर्मनमध्येच बोलत होती, पण विचार करून, सावकाश. गाजरासारखं, पण गाजर उन्हात धरल्यावर दिसतं तसं. मग म्हणाली, आजीच्या फोटोला झेंडूचा हार असतो ना, त्यातला मधला. मला झेंडू कसा दिसतो हे तिला माहीत नाही आणि तिला कसा दिसतो हे मला कधी कळणार नाही. तरी मी ऐकत राहिलो. माझ्यासाठी एवढं निरखून कुणी काही बघितलं नव्हतं.

फ्राउ हेबर्लेंनी पुन्हा एकेक तपासली आणि मगच ती अळंबी आमच्या कढईत पडली. लसूण, ओलं खोबरं आणि दोन कोकमं. आईची पद्धत. चव खमंग, दाताखाली जरा कुरकुरीत. ही खाल्ली की दुसऱ्या दिवशी लघवी लालसर होते, घाबरायचं नसतं, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी उर्जा बाथरूममधून आनंदाने किंचाळली. अरुंधतीनेही बघून घेतलं. मला अर्थातच काही दिसलं नाही. आम्ही तिघेही पोट धरून हसलो.

त्या जंगलात डोळे मिटून बसलो असताना मला तुमची आठवण येत होती. तुम्ही सुट्टीवर घरी यायचात आणि जेटीवर कुणाचाही दोरखंड दिसला की हातातून सरकवत न्यायचात. बोलणं दुसरीकडे चालू असायचं. मध्येच हात थांबायचा आणि तुम्ही म्हणायचात, "इथे आतून कुजलाय." वरून काही दिसायचं नाही. पीळ उकलला की आत काळं निघायचं. तुमच्या बोटीवरचे दत्ताकाका म्हणायचे, रात्री दिवे गेले तरी खलाशांच्या म्होरक्याच्या, सारंगाच्या हाताला दिसतं. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांचे वडील असेच असतात. त्या शनिवारी माझ्या बोटांना जेव्हा ते देठावरचे खड्डे लागले, तेव्हा मला कळलं की तुम्हाला काय येत होतं.

आता लिहितो.

जून २००२. मी मुंबईला गेलो, डेक कॅडेट म्हणून बोटीवर भरती होण्याच्या वैद्यकीय तपासणीला. तुम्ही त्यासाठी रजा वाढवून घरी थांबला होतात. उंची झाली, छाती झाली, रक्त झालं. शेवटी एका डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि म्हणाले, आकडा वाच. मला कुठेच आकडा दिसेना. त्यांनी पानं उलटली. चार मिनिटं लागली असतील. ते म्हणाले, "बाळा, बोटीच्या डाव्या दिव्याचा लाल आणि उजव्याचा हिरवा तुला कळणार नाही. डेकवर तुला कुणी घेणार नाही." माणूस चांगला होता, पाणी दिलं.

तुम्ही मला लहानपणी जेटीवर उभं करून कंदील दाखवायचात. डावा कुठला? लाल. उजवा कुठला? हिरवा. मी कधी चुकलो नाही, कारण तुम्ही कधी हात बदलले नाहीत. मी बाजू पाठ केली होती, आबा, रंग नाही. मला स्वतःलाही त्या पुस्तकापर्यंत नीट कळलं नव्हतं की बाकीच्यांना काही वेगळं दिसतं.

दाभोळला आलो तर घरात दत्ताकाका बसलेले, पेढे आणलेले. तुम्ही उभे राहिलात आणि विचारलंत, "कधी निघायचं?" नापास झालो हे तोंडातून निघेना. तुमच्या पोरात खोट आहे हे दत्ताकाकांसमोर तुम्हाला ऐकवायचं नव्हतं, असं मी पुढे स्वतःला समजावत आलो. ते खोटं आहे. मला माझी लाज वाटली, एवढंच. मग मी म्हणालो, "मला नाही जायचं. आयुष्यभर लोकांचे दोरखंड ओढायला मी काय सारंग आहे?"

वाक्य तसंच्या तसं लिहिलंय. तुम्हालाही तसंच आठवत असणार. तुम्ही चप्पल घातलीत आणि बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, "बरा आहेस ना?" तेव्हापासून आपण तिथेच आहोत.

आईने ओळखलं होतं. तिच्या वडिलांना हिरवी आणि लाल मिरची कळायची नाही. इकडे आल्यावर एकदा फोनवर तिने विचारलं, "माझ्या बाबांसारखंच ना रे तुझं?" मी म्हणालो, मीटिंग आहे, नंतर करतो. नंतर केला तेव्हा दुसरंच बोललो. तिलाही मी सांगितलं नाही आणि ती गेली. ते आता कुठे लिहून पाठवणार? म्हणून तुम्हाला पाठवतोय, तुम्ही आहात तोवर.

मी समुद्राला भ्यालो नव्हतो. गावात तुम्ही तसं सांगितलंत, ते मी होऊ दिलं, कारण भित्रा म्हणवून घेणं मला सोपं गेलं. तुमच्या कामाची मला लाज नव्हती, कधीच नव्हती. ते काम मला मिळालं नाही म्हणून मी तुमच्या तोंडावर त्याला हलकं म्हटलं. चूक माझ्या डोळ्यांची नव्हती, माझी होती. माफ करा, आबा.

याचं उत्तर द्या असा माझा हट्ट नाही. फोनवर पुन्हा 'बरा आहेस?' म्हणालात तरी चालेल. फक्त एवढं खरं माना, की त्या दिवशी मुंबईहून येताना एसटीत मी ओक्साबोक्शी रडलो होतो. मला जायचं होतं.

ज्याला तुमच्यासारखंच व्हायचं होतं,
तो तुमचा मुलगा
देवदत्त